आई-वडिलांसाठी जुना संगणक तयार करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा गोव्याला नोकरीस आणि आई-वडील गावी, अशी स्थिती आहे. मुलांनी शिकताना वापरलेला संगणक त्याच घराच्या माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेला असतो. तो पुन्हा सुरू करून वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावा असे अनेकांच्या मनात येते, पण सुरुवात कोठून करावी हे कळत नाही. मी गेली काही वर्षे नात्यातल्या आणि शेजारच्या मंडळींना असे संगणक लावून देत आलो आहे. पहिला संगणक माझ्या वडिलांसाठी, म्हणजे आप्पांसाठी लावला. ते मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्या काळात मी केलेल्या चुका आणि लोक मला पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

हातात मोबाइल असताना संगणक कशाला हवा?

बोलण्यासाठी आणि निरोपासाठी मोबाइल पुरतो. परंतु वर्तमानपत्राचे ई-पान मोबाइलवर वाचताना अक्षर मोठे केले की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते, आणि साठी ओलांडलेल्या डोळ्यांना ही कसरत फार वेळ झेपत नाही. जमिनीचा उतारा नीट पाहणे, दोन पानांचे पत्र लिहिणे, नातवंडांची छायाचित्रे सावकाश बघणे ही कामे मोठ्या पडद्यावरच सुखाची होतात.

तरीही संगणकाला हात लावण्यापूर्वी आई-वडिलांना एक गोष्ट जरूर विचारावी, ती म्हणजे त्यांना यावर नेमके काय करायचे आहे. आप्पांना शाळेच्या आठवणी लिहून काढायच्या होत्या, तर आईला कीर्तने आणि अभंग ऐकायचे होते. ही दोन उत्तरे मिळाल्यामुळे पुढचे सगळे निर्णय सोपे झाले. ज्यांना कशाचीच ओढ नाही त्यांच्यावर संगणक लादू नये. तो महिन्याभरात पुन्हा चादरीखाली जातो आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ ही बोच तेवढी मागे राहते.

माळ्यावरचा संगणक अजून उपयोगाचा आहे की नाही, हे कसे ओळखावे?

प्रथम तो वीज न जोडता उघडून पाहावा. आमच्याकडच्या कॅबिनेटच्या मागच्या फटीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते आणि पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर बसला होता. रंगाच्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, आणि झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट पट्टीवरच्या, लहान डब्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी सपाट असली पाहिजेत. ती फुगलेली दिसली किंवा तेथून काही पाझरलेले दिसले, तर त्या यंत्रावर पैसे घालवू नयेत. रॅमची (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची) पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने हलके पुसावेत आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. बंद पडलेले निम्मे संगणक एवढ्याने सुरू होतात, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर तीन गोष्टी पाहाव्यात. प्रोसेसर ६४ बिटचा असावा, रॅम निदान ४ जीबी असावी किंवा तेवढी वाढवता यावी, आणि हार्ड डिस्क शाबूत असावी. २०१० ते २०१५ या काळातल्या बहुतेक संगणकांत डीडीआर३ प्रकारची रॅम असते. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी, कारण डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील, तर ते एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या आणि चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर करावेत, असे माझे ठाम मत आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरून सुई सरकत माहिती शोधते. एसएसडीत हलणारा एकही भाग नसल्याने जो संगणक सुरू व्हायला चार मिनिटे घेत होता, तो अर्ध्या-पाऊण मिनिटात तयार होतो. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हा फरक केवळ सोयीचा राहत नाही. बटण दाबून काहीच घडले नाही असे वाटले की ते पुन्हा दाबतात, मग तिसऱ्यांदा दाबतात, आणि पाच खिडक्या एकदम उघडल्या की आपल्याच हातून काहीतरी बिघडले अशी त्यांची समजूत होते. २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची, साटा (SATA) जोडणीची एसएसडी या कामाला भरपूर होते.

संगणक सुरू होतो, इंटरनेटही आहे, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे का सांगते?

कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागची दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा गोल सेल संपलेला आहे. तो सीआर२०३२ या नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना ठरावीक मुदत असते. संगणकाची तारीख चुकली की ती सगळी प्रमाणपत्रे मुदतीबाहेरची ठरतात. याच कारणासाठी मी एकदा पूर्ण रविवार नवी प्रणाली (संगणक चालवणारे विंडोजसारखे मूळ सॉफ्टवेअर) बसवण्यात घालवला आणि शेवटी आप्पांनीच विचारले, “यात वर्ष असं मागचं का दाखवालंय रे?” सेल बदलायला दोन मिनिटे लागली.

विंडोज ठेवावे की लिनक्स बसवावे?

जुन्या संगणकात बहुधा विंडोज ७ किंवा विंडोज १० असते. विंडोज ७ ची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि क्रोम ब्राउझरनेही त्याची साथ २०२३ च्या सुरुवातीला सोडली. त्यामुळे ते इंटरनेटला जोडून आई-वडिलांच्या हाती देणे धोक्याचे आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केलेल्या घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अद्यतनांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७ मध्ये बाजारात आली, म्हणजे माळ्यावरचे बहुतेक संगणक या अटीतच बाद होतात.

म्हणून मी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी दुसरी प्रणाली, आणि तिचे मिंट हे रूप बसवतो, आणि त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. ती विनामूल्य आहे आणि ४ जीबी रॅमवर चांगली चालते. खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ अशी तिची मांडणी असल्यामुळे बँकेत किंवा तलाठ्याच्या कार्यालयात लांबून संगणक पाहिलेल्यांनाही ती अनोळखी वाटत नाही. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे एकदा लावून दिलेला पडदा तसाच राहतो. रोज नवी सूचना, नवी जाहिरात, ‘हे वापरून पाहा’ असा आग्रह तेथे नसतो. नवशिक्या माणसाच्या दृष्टीने काल जेथे असलेले चित्र आजही तेथेच असणे फार आवश्यक असते.

मात्र घरात अंगठ्याचा ठसा घेणारे असे एखादे यंत्र असेल जे केवळ विंडोजवर चालते, किंवा वडिलांचे जुने लेखन युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये (सर्व संगणकांवर सारखी दिसणारी युनिकोड अक्षरे येण्यापूर्वीच्या) असेल, तर घाई करू नये. अशा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. मूळ फॉन्ट जेथे आहे त्या संगणकावरच त्या उघडून, युनिकोडमध्ये रूपांतर करून, मगच जुनी प्रणाली काढावी.

प्रणाली बसवण्यापूर्वी काय सांभाळावे?

जुन्या डिस्कवरची छायाचित्रे. एवढे एकच सांगणे पुरे आहे, कारण लग्नाची, बारशाची, आजी-आजोबांची छायाचित्रे अशाच डिस्कवर अडकलेली असतात आणि नवी प्रणाली बसवताना एका होकाराने ती पुसली जातात. नवी एसएसडी घेतली असल्यास जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवून द्यावी.

मिंट बसवण्याची फाइल सुमारे ३ जीबीची असल्यामुळे ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरून संगणक सुरू केला की काहीही न बसवता सर्व चालवून पाहता येते. आवाज येतो का, वाय-फाय सापडते का, प्रिंटर ओळखला जातो का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे.

मराठीत टाइप करण्यासाठी कोणती पद्धत शिकवावी?

या प्रश्नावर मी इतरांपेक्षा वेगळे मत देतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आपण तरुण मंडळी मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितो आणि यंत्र ते देवनागरीत बदलते. ही फोनेटिक पद्धत आपल्याला सोपी वाटते, कारण इंग्रजी स्पेलिंग आपल्या डोक्यात आधीच बसलेले असते. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाला मात्र ‘ळ’ साठी इंग्रजीतले कोणते अक्षर दाबायचे, ‘ण’ आणि ‘न’ वेगळे कसे करायचे, हे पाठ करावे लागते, म्हणजे स्वतःच्या भाषेत लिहिण्यासाठी दुसरीचे वळण घ्यावे लागते.

इन्स्क्रिप्ट ही मांडणी तशी नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात ती समाविष्ट झाली आणि विंडोज, लिनक्स या दोन्हींत ती आधीपासून असते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, आणि अल्पप्राण-महाप्राणाची जोडी एकाच कळीवर, म्हणजे नुसते दाबले की ‘क’ आणि शिफ्टसह दाबले की ‘ख’, अशी ती रचना आहे. ज्याने बाराखडी शिकवली आहे त्याला यातले सूत्र एका दिवसात उमगते. जोडाक्षराचे बटण आप्पांना समजावताना मी ‘हलन्त’ वगैरे सांगू लागलो, तर ते म्हणाले, “म्हणजे अक्षराचा पाय मोडायचा आणि पुढचं अक्षर जोडायचं. शाळेत पोरांना तेच सांगत होतो की.” त्यानंतर ‘पाय मोडका त’ हे शब्द आमच्या घरात संगणकाच्या भाषेत रूढ झाले.

दोन ठिकाणी मात्र हात अडतो. पहिली वेलांटी कागदावर आपण अक्षराच्या आधी काढतो, येथे ती अक्षरानंतर दाबायची असते. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर काम केलेल्यांना ही सवय बदलायला वेळ लागतो. दुसरी अडचण रफाराची आहे. ‘धर्म’ लिहिताना हाताने आपण ‘म’ काढून त्याच्या डोक्यावर रफार देतो, पण येथे ध, मग र, मग पाय मोडणे, मग म, असा उच्चाराचा क्रम पाळावा लागतो. शब्द मोठ्याने म्हणत टाइप करायला सांगितले की हे आपोआप जमते.

आपल्या भागापुरता आणखी एक फायदा आहे. इन्स्क्रिप्टची मांडणी सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच आहे. ज्या कळीवर मराठी ‘क’ आहे, त्याच कळीवर कन्नड ‘क’ आहे. सीमाभागात ज्यांना दोन्ही भाषांत नाव-पत्ता लिहावा लागतो, त्यांची बोटे एकदाच शिकतात आणि दोन्हीकडे चालतात. घरातली सून किंवा नातू कन्नड माध्यमातला असेल, तर दोघांना एकाच कळफलकावर बसता येते.

मिंटमध्ये कळफलकाच्या मांडणीत जाऊन भारतीय भाषांमधून मराठी निवडावी, हवी असल्यास कन्नडही जोडावी आणि भाषा बदलण्यासाठी एकच सोपी कळ ठरवून द्यावी. कळफलकावर चिकटवायची देवनागरी अक्षरे तयार मिळतात. ती न मिळाल्यास कागदावर सुवाच्य लिहून, कापून, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. आमच्या कळफलकावर आप्पांच्याच वळणदार अक्षरांतल्या चिठ्ठ्या आहेत.

कन्नडमधली सरकारी पाने वाचता येत नाहीत, त्यावर काय करावे?

आपल्याकडची अनेक वडीलधारी माणसे बाजारात, बसमध्ये, शेतावर कन्नड सहज बोलतात, पण शिक्षण मराठीत झाल्यामुळे कन्नड वाचता येत नाही. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ संकेतस्थळावर उतारा, म्हणजे ज्याला तेथे आरटीसी किंवा पहाणी म्हणतात तो, पाहण्यासाठी जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा असे एकामागून एक निवडावे लागते. हे सर्व रकाने कोणत्या क्रमाने येतात ते आपण एकदा वहीत मराठीत लिहून द्यावे आणि त्यापुढे आपल्या शेताचे नंबर भरून ठेवावेत. एवढी एक वहीतली ओळ असली की प्रत्येक वेळी कोणाला तरी बोलावण्याची गरज उरत नाही.

क्रोम ब्राउझर कन्नड पानाचे मराठीत भाषांतर करून दाखवतो आणि अर्थाचा अंदाज येण्यासाठी ते पुष्कळ उपयोगी आहे. परंतु नावांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. आडनावाचा किंवा शेताच्या नावाचा अर्थ काढून यंत्र भलतेच शब्द समोर ठेवते, आणि उताऱ्यात तर नावाच्या एका अक्षरालाही महत्त्व असते. वाचण्यासाठी भाषांतर वापरावे, अर्ज भरताना मात्र मूळ पानावर परत यावे, आणि शंका असेल तर कन्नड वाचणाऱ्या माणसाला तो कागद दाखवावा.

पडद्यावर काय ठेवावे?

चार-पाच चित्रे, आणि त्यांची नावे मराठीत. आमच्या पडद्यावर ‘वर्तमानपत्र’, ‘कीर्तन’, ‘लेखन’, ‘फोटो’ आणि ‘उतारा’ एवढीच आहेत. ‘ब्राउझर’ हा शब्द शिकवण्याची सुरुवातीला काहीच गरज नसते. ‘वर्तमानपत्र’ या चित्रावर टिचकी मारली की थेट ते पान उघडावे अशी व्यवस्था करून द्यावी. आप्पांना वाचनाची आवड असल्यामुळे पुढे मी मराठी विश्वकोशही जोडून दिला, आणि आता एखादा शब्द अडला की ते स्वतःच तेथे शोधतात.

अक्षरांचा आकार वाढवावा, माऊसचा बाण मोठा करावा आणि डबल क्लिकऐवजी एकाच क्लिकने चित्र उघडेल असे करावे. थरथरत्या हाताला दोन टिचक्या एकाच जागी आणि झटपट मारणे खरोखर कठीण असते.

पडद्याच्या उंचीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेली माणसे जवळचे वाचण्यासाठी चष्म्याच्या खालच्या भागातून पाहतात. पडदा डोळ्यांच्या रेषेत असला की त्यांना हनुवटी वर करून पाहावे लागते आणि अर्ध्या तासात मान दुखू लागते. आई ‘मान भरून येते’ म्हणून संगणक टाळत होती. पडद्याखालची लाकडी फळी काढली आणि तिची तक्रार थांबली.

शिकवायला सुरुवात कोठून करावी?

माऊसपासून, आणि आपले हात मागे बांधून. शिकवणाऱ्याने माऊस स्वतःच्या हातात घेतला की शिकणाऱ्याचे लक्ष पडद्यावरून उडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपण उजव्या बाजूला न बसता डाव्या बाजूला बसावे, म्हणजे माऊसकडे आपला हात सहज जात नाही.

नवशिक्याचा पहिला अडथळा कोणता असतो हे आपण पार विसरून गेलेले असतो. माऊस सरकत सरकत टेबलाच्या कडेला येतो, बाण अजून पडद्याच्या मध्यावर असतो, आणि समोरचा माणूस थांबून आपल्याकडे पाहतो, कारण माऊस उचलून पुन्हा मध्ये ठेवता येतो हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. माझ्या आईने तर टेबल संपले म्हणून खालून वही लावून जागा वाढवली होती. मला आधी वाईट वाटले, मग लक्षात आले की एवढी साधी गोष्ट मीच सांगायची राहिली होती.

डावे बटण कोणते आणि उजवे कोणते हा गोंधळ आठवडाभर चालतो. आईने स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून डाव्या बटणावर लावली आणि ‘टिकलीवर दाब’ एवढीच सूचना राहिली. उजव्या बटणाचे काम पहिल्या महिन्यात शिकवूच नये.

पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ मिंटमध्ये मिळतो. पत्ता धरणे, ओढणे, सोडणे यांतून हात बसतो आणि चुकले तरी काही बिघडत नाही. रोज वीस मिनिटे पुरेत. जे शिकवले ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावे. आपण छापून दिलेल्या सूचनांपेक्षा त्यांच्या हस्ताक्षरातली ‘आधी टिकली, मग कीर्तन’ ही ओळ अधिक उपयोगी पडते.

वीज, विजा आणि पावसाळा यांपासून संगणक कसा जपावा?

सहाशे व्हीएचा यूपीएस घ्यावाच. वीज गेल्यावर तो साध्या संगणकाला काही मिनिटे देतो, आणि ‘पीं पीं’ वाजू लागले की लेखन साठवून संगणक बंद करायचा, एवढे शिकवावे. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. जुन्या घरांत अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर ती तपासणी त्याच दिवशी करावी.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजांसह येतो. आभाळ भरून आले की संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत, कारण तांब्याच्या तारेतूनही वीज आत शिरते. जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांत पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, तेथे संगणक भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा आणि वापर नसला तरी रोज अर्धा तास चालू करावा, म्हणजे आतल्या उष्णतेने दमटपणा निघून जातो. झाकायला प्लास्टिक वापरू नये. त्याखाली ओल कोंडते. जुन्या सुती साडीचा तुकडा उत्तम.

इंटरनेट कोणते घ्यावे?

गावात फायबर आले असेल तर ते घ्यावे. आले नसेल तर मोबाइल यूएसबी तारेने संगणकाला जोडून त्याचेच इंटरनेट वापरता येते. वाचन-लेखनाला एवढे पुष्कळ आहे, आणि मोबाइलही त्याच वेळी चार्ज होत राहतो.

फसवणुकीपासून कसे वाचवावे?

माझ्या एका मावशींच्या संगणकावर एकदा पूर्ण पडदाभर लाल सूचना आली, भोंगा वाजू लागला आणि खाली एक फोन नंबर दिसू लागला. त्या इतक्या घाबरल्या की त्यांनी फोन लावला, आणि पलीकडच्या माणसाने गोड बोलून संगणकाचा ताबा देणारे ॲप बसवायला सांगितले. सुदैवाने तेवढ्यात वीज गेली. तो काही विषाणू नव्हता, ते केवळ एक खोटे पान होते. त्यानंतर मी प्रत्येक घरी पहिल्याच दिवशी असे सांगतो : पडदा ओरडू लागला की कोणालाही फोन करायचा नाही, सरळ संगणकाचे बटण दाबून धरायचे आणि तो बंद करायचा. त्याने सहसा काही नुकसान होत नाही.

फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारे साधन बसवावे. बहुतेक खोटी पाने जाहिरातींतूनच येतात. संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची परवानगी मागण्याची सोयच बंद करून टाकावी.

फोनवरून पोलीस किंवा न्यायालयाच्या नावाने ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगितले जाते. भारतीय कायद्यात अशी अटक नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी लावावे. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी आई-वडिलांना रागावू नये. रागावल्यास पुढच्या वेळी ते आपल्यापासून लपवतात आणि हाती असलेला वेळ निघून जातो.

पासवर्ड वहीत लिहून ठेवले तर चालतील का?

चालतील. घरातल्या कपाटातली वही इंटरनेटवरून कोणाला चोरता येत नाही. मात्र बँकेचा पिन त्या वहीत नसावा.

हयातीचा दाखला या संगणकावरून देता येईल का?

निवृत्तिवेतनधारकांसाठी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे. संगणकावरून दाखला देण्यासाठी ठसा घेणारे किंवा डोळ्याची बाहुली ओळखणारे यंत्र लागते, म्हणून या एका कामासाठी अँड्रॉइड मोबाइलवरून चेहरा ओळखण्याची पद्धत वापरणे सोपे आहे. तयार झालेला दाखला मात्र मिळालेल्या प्रमाण क्रमांकाच्या आधारे संगणकावर उतरवून घेऊन छापता येतो. चेहरा दाखवताना खिडकीकडे तोंड करून बसावे, पाठ करून नव्हे.

मुलगा परगावी असेल तर अडचण कशी सोडवावी?

एनीडेस्क किंवा रस्टडेस्क यांसारख्या साधनांनी दुरून संगणक पाहता आणि चालवता येतो. पण हेच साधन चोरही वापरतात. म्हणून ते पडद्यावर ठेवू नये, आणि सुरू करण्यापूर्वी घरातल्यांनाच माहीत असलेला एखादा शब्द फोनवर विचारण्याची पद्धत पाडावी. आमच्याकडे आजोळच्या बैलाचे नाव विचारले जाते.

खरे पाहता दहापैकी सात वेळा ताबा घेण्याची गरज पडत नाही. मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून पडद्यासमोर धरायला सांगावे आणि तोंडी वाट दाखवावी. वेळ जास्त लागतो, परंतु पुढच्या वेळी तोच फोन येत नाही. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती आठवड्याला एकदा प्रणालीची प्रत जपून ठेवते आणि काही बिघडल्यास मागच्या स्थितीवर परत नेते. आपण गावी गेल्यावर ती चालू आहे का, तेवढे पाहावे. मात्र टाइमशिफ्ट केवळ प्रणाली सांभाळते. आप्पांचे लेखन मी वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतो.

‘बिघडलं तर?’ या भीतीने ते हातच लावत नाहीत. काय करावे?

त्यांच्यासमोर एकदा मुद्दाम बिघडवून दाखवावे. मी आप्पांनी लिहिलेल्या चार ओळी पुसल्या, त्यांचा चेहरा उतरला, मग कंट्रोल आणि झेड या कळा दाबून त्या परत आणल्या. ते त्यांनी स्वतः सात-आठ वेळा करून पाहिले, पुसायचे आणि परत आणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठण्यापूर्वीच संगणक चालू होता आणि पडद्यावर त्यांच्या पहिल्या शाळेच्या पत्र्याच्या छपराचे वर्णन अर्ध्या पानापर्यंत आले होते.